बैलाला टोचतात तेच औषध

माझ्या मुलीला मी तिच्याच औषधापासून वाचवत होतो. त्यापायी ती दवाखान्यात पडली. हे मी बऱ्याच जणांना तोंडी सांगायचा प्रयत्न केला. पण तोंडी सांगताना मी दर वेळी मध्ये एक 'पण' घालतो आणि मग मलमवाल्यावर, व्यापाऱ्यांवर, सगळ्या जगावर घसरतो. म्हणून लिहायला बसलो. लिहिलेला 'पण' खोडता तरी येतो.

मी बोरीजवळच्या एका गावात राहतो. जनावरांचा व्यापार करतो. वडील सालगडी होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारे. मी एका वासरापासून सुरुवात केली आणि आज चार तालुक्यांच्या बाजारात मला नावानं ओळखतात. भाव पाडण्यात माझा हात कुणी धरत नाही आणि रागाला आलो की माझ्या वाटेला कुणी जात नाही. या दोन्ही गोष्टींचा मला अभिमान होता. घरी बायको सुमन आणि दोन मुलं. धाकटी ईश्वरी. हे तिच्याबद्दल आहे.

नाव कळलं तो दिवस

ईश्वरीला लहानपणापासून खाज होती. कोपरांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या मागे, मानेवर. आधी लाल व्हायचं, मग खरखरीत, मग खाजवून खाजवून रक्त. शाळेत शेजारी बसणाऱ्या मुलीनं जागा बदलली. तेव्हा सुमननं हट्ट धरला आणि आम्ही परभणीला चामडीच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो.

मॅडमनी कोपर पाहिलं, मान पाहिली, आणि घरात कुणाला दमा किंवा सारख्या शिंका आहेत का विचारलं. माझ्या आईला दमा होता. त्या म्हणाल्या, "हा एक्झिमा आहे. संसर्ग नाही, कुणाला लागत नाही. तिच्या कातडीचा स्वभावच असा आहे. मुळापासून जाईल असं मी सांगणार नाही, पण ताब्यात नक्की राहतो."

ताब्यात राहतो हे ऐकून सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र व्यापारी. मी विचारलं, "या ट्यूबमधी काय काय हाय?"

"सौम्य स्टेरॉइड आहे," मॅडम म्हणाल्या.

मी खुर्चीतून उठलोच.

इथे थोडं मागचं सांगावं लागेल. आमच्या बाजारात पायानं दुखावलेला बैल विकायचा असेल, तर काही लोक त्याला सकाळी इंजेक्शन टोचून आणतात. दिवसभर तो ऐटीत चालतो. घेणारा घरी नेतो, आणि इंजेक्शनचा जोर उतरला की बैल लंगडायला लागतो. बाजारात त्या इंजेक्शनला सगळे सरळ 'स्टेरॉइड' म्हणतात. मी धंद्यात नवा होतो तेव्हा माझ्या पहिल्या जोडीतला एक बैल मला असाच विकला गेला. पाय टाकताना तो मान खाली घालायचा. गावातले लोक पारावरून ओरडायचे, "काय शेठ, तुमचा बैल येताजाता नमस्कार करायलाय की!" ज्यानं मला तो विकला तो व्यापारी आजही बाजारात दिसतो आणि आजही मी त्याच्याशी बोलत नाही. स्टेरॉइड म्हणजे माझ्या लेखी फसवणूक. आतलं दुखणं तसंच ठेवून वरून चाल सुधारणारी गोष्ट.

मी मॅडमना म्हणालो, "हे तर आमच्याकडं बैलाला टोचतेत!"

त्या हसल्या. रागावल्या नाहीत. "बैलाला देतात ते आणि मी देते ते, दोन्हींचं कूळ एक आहे," त्या म्हणाल्या. "पण ताकद वेगळी आहे. हे कातडीवर लावायचं, तेही जिथे लाल आहे तिथंच, आणि मी सांगते तेवढेच दिवस. दोन आठवडे, दिवसातून दोनदा. मग मला दाखवा. ही दुसरी बाटली ओलाव्याची. ती रोज, अंघोळ झाली की लगेच, भरपूर लावायची, डाग असो नसो. चेहऱ्याला ही ट्यूब लावू नका, लागली तर मी वेगळी देईन."

यातलं 'कूळ एक आहे' एवढंच मी ऐकलं.

"दोन आठवडे लय होतेत मॅडम. चार दिवस लावतो. एकदाच."

"अहो, हा भाव नाही. ही मात्रा आहे."

मी मान हलवली. बाजारात मी मान हलवतो तेव्हा समोरच्याला वाटतं सौदा झाला. मी मनात माझा आकडा धरूनच उठलेलो असतो.

माझा आकडा

घरी आल्यावर ट्यूब माझ्या ताब्यात ठेवली. सुमन म्हणाली, मॅडमनी बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलम पिळायला सांगितलंय आणि तेवढं दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. मी आगकाडीच्या गुलाएवढं काढून द्यायचो. दिवसातून एकदा. चौथ्या दिवशी लाली अर्धी उतरली तेव्हा बंद केलं. आठवडाभरात सगळं परत आलं.

"बघ," मी सुमनला म्हणालो, "उतरलं की परत लंगडायलंय. सांगितलं नव्हतं मी?"

"आवं, पुरं लावलंच कुठं तुमी?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुमाला बैलाचं लय कळतंय. पोरीचं मला कळू द्या की!"

त्यावर मी ट्यूब उचलून बाहेरच्या नालीत फेकली. ओलाव्याची बाटलीही त्याच रागात अडगळीत गेली, तिचा तर काही दोषही नव्हता. ईश्वरी दारात उभी राहून पाहत होती. तिनं विचारलं, "पप्पा, मग आता मला काय लावायचं?" मी म्हणालो, "मी आणतो."

झाडपाला

बाजारात जनावरांच्या दावणीपलीकडे एक मलमवाला बसायचा. बाहेरगावचा. पांढऱ्या डब्या, त्यांवर ना नाव ना कागद. मी त्याला शपथ घालून विचारलं, "स्टेरॉइड न्हाई ना ह्याच्यात?"

"शेठ, निस्ता झाडपाला हाय. डोंगरातला. माझ्या लेकराला लावतो मी."

मग मी त्याच्याशी तासभर घासाघीस केली. शेवटी तो कपाळाला हात लावून म्हणाला, "तुमच्यासमोर हरलो बघा, शेठ." त्या दिवशी मी इतका खूश होऊन घरी आलो की सुमनला दोनदा सांगितलं, कसा पाडला त्याला.

मलमानं कमाल केली. तीन-चार दिवसांत ईश्वरीचे कोपर साफ. खाज बंद. ती शांत झोपायला लागली. मी गावभर सांगत सुटलो. डॉक्टरीण बाई काय करणार होत्या दोन आठवड्यांत? मी पुन्हा डब्या आणल्या. जरा कुठे लाल दिसलं की लाव. मानेला लाव, मांड्यांना लाव, गालावर पुरळ आलं की गालाला लाव. झाडपाला आहे, काय होतंय? दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली.

ईश्वरीचे गाल भरले. चेहरा गोल झाला. येणारे-जाणारे म्हणायचे, पोरीनं अंग धरलं बरं का. मला बरं वाटायचं. सुमन एकदा हळूच म्हणाली, "चेहराच तेवढा फुगायलाय. हातपाय बारीकच हायेत. गालावर लव बी आलीय."

"नजर लावू नको," मी म्हणालो.

कुठलं जनावर खुराकानं भरलंय आणि कुठलं सुजलंय, हे मी लांबून सांगतो. माझं नाव त्यावरच झालं. माझ्या पोरीच्या बाबतीत मी जवळ बसून पाहत होतो आणि तरी मला ते दिसलं नाही. यावर मी रोज विचार करतो. दिसलं नाही, की मी केलेला सौदा वाईट निघाला हे मला पाहायचंच नव्हतं? यातलं दुसरं खरं, असं मला वाटतं.

डबी संपली

उन्हाळ्याच्या तोंडावर मलमवाला बाजारात यायचा बंद झाला. घरातली शेवटची डबी संपली. दोन-चार दिवसांत ईश्वरीच्या अंगाची आग व्हायला लागली. नेहमीची खाज ही नव्हती, आग होती. चेहरा तव्यासारखा लाल. मान, कोपर, सगळं एकदम उठलं, आणि खाजवलेल्या जागी पिवळं पाणी धरून खपल्या झाल्या. मग ताप आला. मग उलट्या. एका सकाळी ती शाळेचा ड्रेस घालता घालता भिंतीला धरून खाली बसली आणि उठेना.

सुमननं मला विचारलं नाही. शेजारच्या पोराला गाडी काढायला लावली, ईश्वरीला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, "बसायचं असंल तर बसा." मी बसलो. निघताना रिकामी डबी तिनं पिशवीत टाकली होती.

वॉर्ड

मोठ्या दवाखान्यात लगेच दाखल करून घेतलं. चामडीच्या त्याच मॅडमना तपासायला बोलावलं. त्यांनी मला ओळखलं. मला वाटलं आता सुनावतील. त्यांनी डबी हातात घेतली, उघडून पाहिली. ईश्वरीच्या मांड्यांवर आतल्या बाजूनं लाल-जांभळ्या रेघा पडल्या होत्या, कापड ताणून उसवावं तशा. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. गालावरची लव पाहिली. मग विचारलं, "हे किती महिने लावलं? कुठे कुठे?"

सुमननं सगळं सांगितलं. मी भिंतीकडे पाहत होतो.

"डबीत काय आहे ते प्रयोगशाळेशिवाय मी छातीठोक सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण कातडी सांगतेय. यात स्टेरॉइड असणार, आणि मी दिलं होतं त्याच्या कितीतरी पट तेज. रक्त तपासू."

रक्ताच्या तपासणीनंतर त्यांनी आम्हाला बाजूला घेतलं. माणसाचं शरीर स्वतःही थोडं स्टेरॉइड बनवतं आणि ते जगायला लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. बाहेरून इतके महिने, इतक्या अंगावर, इतकं तेज लागत राहिलं म्हणून ईश्वरीच्या शरीरानं स्वतःचं बनवणं जवळजवळ थांबवलं होतं. आणि डबी संपली तशी आम्ही एका दिवसात सगळं तोडलं. वर जखमांत जंतू झाले.

"आता तिला तेच औषध तोंडानं द्यावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "मग हळूहळू कमी करत आणू."

सुमननं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं मी आता भांडणार. माझ्या तोंडात शब्द आलेही होते. थोडं कमी देऊन बघू का, आज राहू दे, उद्या बघू. सगळा आयुष्यभराचा माल जिभेवर येऊन बसला. आत पलंगावर ईश्वरी डोळे मिटून पडली होती. तिच्या गालावर बसलेली माशी तिनं हाकलली नाही, तेवढाही जोर नव्हता.

"द्या," मी म्हणालो. "तुमी म्हणाल तेवढं द्या."

मी आवाज चढवला नाही. मला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

दवाखान्याचे दिवस

बायांच्या आणि लेकरांच्या वॉर्डात पुरुषांना भेटीच्या वेळेपुरतंच सोडायचे. बाकी वेळ मी जिन्यात बसायचो. सकाळी सुमन खाली येऊन चहा न्यायची, माझ्या हातून पिशवी घ्यायची, आणि वर निघून जायची. एकदा मी विचारलं, "माझ्यावर राग हाय का?"

ती म्हणाली, "राग आला असता तर बरं झालं असतं. मला तुमची भीती वाटायलीय. उद्या तुमी आणखी काय फेकाल."

हे माझ्या वर्मी लागलं. मी बाजारातल्या माणसांना धाकात ठेवलं याची मला कधी लाज वाटली नव्हती. घरातलं माणूस धाकानं गप्प बसलं, म्हणून डबी-डबीनं विष पोरीच्या अंगावर चढत गेलं, हे मला तेव्हा उमगलं. सुमनला फुगलेला चेहरा दिसला होता. ती बोललीही होती. मी तिला नजर लावू नको म्हणालो होतो.

त्या दिवसांत लोकांनी माया केली. शेजारच्या खाटेवर राणीसावरगावच्या एक मावशी नातवाला घेऊन होत्या. त्या ईश्वरीला गोष्टी सांगायच्या आणि दर गोष्टीतला राजा कंजूष असायचा. मला पाहून तो आणखी कंजूष व्हायचा. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर खपल्या भिजवून, फुंकर घालत काढायच्या. मी दारातून डोकावून रोज विचारायचो, "कवा सोडता? परवा सोडा की." एक दिवस त्या म्हणाल्या, "काका, तुमी पोरीला बघायला येता का भाव करायला?" सगळा वॉर्ड हसला. ईश्वरीही हसली. किती दिवसांनी हसली. मीही हसलो आणि जिन्यात जाऊन रडलो.

जे मला आधी कळायला हवं होतं

माझ्यासारखे बाप असतील म्हणून सांगतो. मी डॉक्टर नाही. मॅडमनी सांगितलेलं आणि आम्ही भोगलेलं तेवढंच सांगतो.

स्टेरॉइडचं मलम हे शत्रू नाही आणि क्रीमपावडरही नाही. डॉक्टरांनी दाह पाहून, जागा पाहून, वय पाहून दिलेलं, सांगितलं तितकं आणि सांगितले तितके दिवस लावलं, तर आमच्या ईश्वरीसारख्या लेकरांना ते शाळेत नीट बसू देतं. कमी लावणं म्हणजे सावधपणा नाही. मी कमी लावलं, म्हणून दाह विझलाच नाही, आणि मग मी औषधालाच खोटं ठरवलं. आणि स्वतःच्या मनानं वाढवत नेणं, चेहऱ्याला फासणं, एकाचं दुसऱ्याला लावणं, गजकर्णाला लावणं, बंद करताना न विचारता तोडणं, या सगळ्यात धोका आहे. सगळ्यात मोठा धोका नाव नसलेल्या डबीत. ज्या ट्यूबवर स्टेरॉइड असं स्पष्ट लिहिलं होतं ती मी फेकली, आणि ज्या डबीवर काहीच लिहिलं नव्हतं तिच्यावर विश्वास ठेवला. मेडिकलवाल्याला 'जोरदार ट्यूब द्या' म्हणणारे माझे मित्र आहेत. त्यांनाही मी हेच सांगतो. ऐकत नाहीत. मीही ऐकलं नव्हतं.

मलमवाल्याला मी अजून शोधतो. हे लपवणार नाही. तो दिसला तर मी काय करीन सांगता येत नाही. त्या बैलवाल्याशीही मी बोलत नाही. पण ईश्वरीच्या मांड्यांवरच्या रेघा त्या दोघांनी ओढल्या नाहीत. मॅडम म्हणाल्या, रंग फिका पडेल, रेघा जाणार नाहीत. ती फ्रॉक खाली ओढून बसते तेव्हा मी उठून बाहेर जातो.

आता

गोळ्या हळूहळू कमी होत होत बंद झाल्या. चेहरा पुन्हा तिचा झाला. ओलाव्याचं औषध रोज आणि दाह उठला की मॅडमनी दिलेली सौम्य ट्यूब, असं आता चाललंय. दुखणं गेलं नाही. हिवाळ्यात उठतं. पण ती आता शाळेत पुढच्या बाकावर बसते.

ट्यूब तिच्याच ताब्यात असते. तीच पिळते, बोटाचं पेर बघून. मला हात लावू देत नाही. "मम्मी लावंल," म्हणते. मागायचा माझा हक्क राहिला नाही असं मला वाटतं.

मागच्या आठवड्यात सुमन माहेरी गेली होती. मानेमागे दाह उठला होता. ईश्वरीनं आरशासमोर उभं राहून प्रयत्न केला, हात पोचेना. मी ओसरीवर बसलो होतो. ती येऊन माझ्यासमोर पाठ करून बसली. वेणी वर धरली आणि मागे ट्यूब दिली.

मी हात धुऊन आलो. बोटावर थोडंसं घेतलं. मी बोट कसंबसं टेकवलं आणि काढून घेतलं.

"पप्पा," ती म्हणाली, "एवढ्यानं न्हाई होत. पुरं लावा."

"लागंल ना तुला."

"लागत न्हाई. घाबरू नका."

मी पेरभर घेतलं आणि लावलं. सगळीकडे नीट पसरलं का ते तिनं बोटानं चाचपून पाहिलं. मग वेणी सोडली.